राखणदाराची राखण कोण देणार?

आमच्या कुडाळकडच्या बागेत फणसाच्या बुंध्याशी एक पाषाण आहे. तो बागेचा राखणदार. आजी होती तोवर दर वर्षी त्याला राखण मिळायची: नारळ, रोट, एखाद्या वर्षी कोंबडा. बागेला गडगा आहे, राबायला गडी आहे, मग या दगडाला कशाला द्यायचं, असं शाळकरी वयात मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "रातीचो तू उठान बगतंस काय कोण इलो तो? तो बगता. मगे तेचा तेका देवक नको?"

पुण्यात सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत माझी बरीच वर्षं गेली. २९ मार्च २०२४च्या रात्रीपासून आजीचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

त्या दिवशी गुड फ्रायडे होता. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असताना आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक निरीक्षण जाहीर केलं. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत, पण काम करतो पोस्टग्रेस या खुल्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-वापरता येतो अशा डेटाबेसवर. सुरक्षा हा काही त्याचा प्रांत नव्हे. डेटाबेसची गती मोजताना त्याच्या लक्षात आलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आत शिरण्याच्या नेहमीच्या सोयीने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद. त्याने तो सोडून दिला नाही. मागे मागे जात तो एक्सझेड युटिल्स या छोट्याशा खुल्या प्रकल्पापाशी पोहोचला. फायली दाबून लहान करण्याचं काम करणारी ही लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरने आयता वापरायचा कोड, लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक यंत्रावर असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. त्याची गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल, त्याला पासवर्डशिवाय त्या सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता आला असता. गांभीर्याच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले.

त्या रात्री आम्ही एकेक यंत्र तपासत बसलो. आमच्याकडे डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची स्थिर आवृत्ती होती आणि हे विष अजून तिथवर आलं नव्हतं. ते डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्तीत, फेडोरा या दुसऱ्या प्रकाराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत आणि अशाच काही ठिकाणी पोहोचलं होतं. आणखी काही महिने कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर बँका, रुग्णालयं, सरकारी डेटा सेंटर, सगळीकडे ते नेहमीच्या अपडेटच्या पावलांनी घरात आलं असतं.

हे घडलं कसं, हे मला चोरदरवाज्याच्या तांत्रिक करामतीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस कित्येक वर्षं हा प्रकल्प जवळजवळ एकटा सांभाळत होता. पगार नाही, कंपनी नाही. २०२१च्या अखेरीस 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी सुधारणा पाठवू लागलं. काम चांगलं होतं. २०२२च्या उन्हाळ्यात आणखी काही नावं उगवली. त्यातलं एक नाव आपल्याकडचं वाटावं असं होतं, 'जिगर कुमार'. या मंडळींनी कॉलिनच्या मागे टुमणं लावलं: सुधारणा महिनोन्‌महिने पडून राहतात, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती सूत्रं द्या. ही नावं आधी कुठे दिसली नव्हती आणि नंतरही दिसली नाहीत. कॉलिनने उत्तरात कबूल केलं की मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे आपल्याला फारसं जमत नाही, आणि हा बिनपैशाचा, छंदाचा प्रकल्प आहे हेही ध्यानात ठेवा. थकलेल्या माणसाला मदतीचा हात हवा होता. जिया टॅनने तो पुढे केला. २०२३च्या पहिल्या काही महिन्यांत नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार त्या हाती गेला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत ५.६.० आली. या नावामागे कोण होतं, हे आजही उघड झालेलं नाही. दोन-अडीच वर्षं सबुरीने चाललेला हा डाव एकट्या हौशी माणसाचा नसावा, असं बहुतेक जाणकार मानतात. मीही मानतो.

या डावात फोडलं गेलेलं कुलूप म्हणजे एक दमलेला माणूस होता. त्या लायब्ररीवर अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या उभ्या होत्या, सरकारं उभी होती. त्यांच्यापैकी कुणीही कॉलिनला, बाबा, तुझं कसं चाललंय, असं विचारलं नाही. विचारलं ते चोराने.

या घटनेनंतर एक निष्कर्ष फार जोरात मांडला गेला. कोणीही यावं आणि बदल करावा अशा धर्मशाळेतलं सॉफ्टवेअर देशाच्या कारभारात वापरणं धोक्याचं आहे, म्हणून कोड बंद ठेवावा. मंत्रालयातल्या बैठकांपासून गृहनिर्माण सोसायटीच्या ॲपपर्यंत हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो मला साफ चुकीचा वाटतो.

सुरक्षा लपवण्यावर उभी राहत नाही, हे शास्त्र जुनं आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच मांडलं होतं की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायला हवी ती किल्ली. आज आपल्या बँकेचा व्यवहार ज्या एईएस पद्धतीने झाकला जातो, ती अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगाला खुलं आव्हान देऊन निवडली. पंधरा प्रस्ताव आले, जगभरच्या गणितज्ञांनी ते जाहीरपणे फोडायचा प्रयत्न केला, आणि टिकली ती दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत २००१ मध्ये मानक झाली. तिचा प्रत्येक टप्पा पुस्तकात छापलेला आहे. तरीही ती उभी आहे. उलट मोबाइलचं संभाषण झाकण्यासाठी जीएसएम या मोबाइल यंत्रणेत वापरलेली ए५/१ ही पद्धत गुप्त ठेवली होती. १९९९ मध्ये एका फोनमधून ती उलगडली गेली आणि पुढच्या दशकभरात तिच्या चिंध्या झाल्या.

बंद कोडमध्ये चोरदरवाजे बसत नाहीत, असंही नाही. २०२० मध्ये सोलरविंड्‌स या अमेरिकन कंपनीच्या ओरायन या उत्पादनाच्या अधिकृत अपडेटमध्येच घुसखोरांनी आपला कोड मिसळला. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट गेलं. त्यात अमेरिकेची सरकारी खाती होती. मार्चपासून डिसेंबरपर्यंत कुणालाही पत्ता लागला नाही. तो लागला फायरआय या कंपनीला, तोही स्वतःच्या घरात चोरी झाल्यावर शोध घेताना. एक्सझेडचा चोरदरवाजा बाहेर आल्यापासून पाच आठवड्यांत सापडला, कारण फ्रॉइंडला शंका आल्यावर पाहायला कोड समोर होता. ओरायनच्या ग्राहकाला अर्धा सेकंद खटकला असता, तरी त्याने पाहिलं कुठे असतं?

इथे खुल्या सॉफ्टवेअरच्या आम्हा पाठीराख्यांनीही खरं बोलायला हवं. बघणारे डोळे पुष्कळ असले की दोष आपोआप दिसतात, हे आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. ते पुरतं खरं नाही. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष मार्च २०१२ पासून एप्रिल २०१४ पर्यंत, दोन वर्षं, सगळ्या जगासमोर उघडा पडून होता. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह ज्या लायब्ररीच्या भरवशावर दिसायचं, तिला त्या काळात वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या लायब्ररीतला दोष बाहेर आला, तेव्हा ती दुरुस्त करणारेही आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री जागणारे स्वयंसेवकच होते. उघडं दार म्हणजे पहारा नव्हे. पाहायला कुणीतरी बसवावं लागतं, आणि त्याचं पोट भरावं लागतं.

एक्सझेडमध्ये तर आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं. जिया टॅनने विष चाचणीच्या नमुना फायलींत दडवलं होतं, पण ते जागं करणारी ओळ जाहीर कोडच्या भांडारात नव्हतीच. ती फक्त आवृत्ती म्हणून बांधून दिलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे लोकांना दाखवलेला कोड एक आणि लोकांनी बसवलेला कोड दुसरा. म्हणून 'आम्ही कोड खुला केला' हे कुणी म्हटलं, की माझा पहिला प्रश्न असतो: जो चालतो आहे तोच का?

हा प्रश्न आपल्याकडे आधीच येऊन गेला आहे. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं. टाळेबंदीत कोट्यवधी लोकांनी ते घेतलं, कित्येकांना नोकरीच्या किंवा प्रवासाच्या सक्तीने घ्यावं लागलं. खूप मागणी झाल्यावर २६ मे रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड जाहीर झाला. त्या पावलाचं मी तेव्हा मनापासून स्वागत केलं होतं आणि आजही करतो. पण सर्व्हरवरच्या भागाचा कोड त्या दिवशी आला नाही, आणि माहिती जमते ती तिथेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हे ॲप कुणी बनवलं याची माहिती आमच्याकडे नाही, असं उत्तर माहितीच्या अधिकारात दिलं गेल्याबद्दल केंद्रीय माहिती आयोगाला नोटीस काढावी लागली. नंतर सरकारने खुलासा केला, नावंही दिली. तरी एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या मोठ्या ॲपचा कर्ता कोण, हे विचारायला आयोगापर्यंत जावं लागलं, ही गोष्ट मला अजून सलते.

आणि हे घडलं धोरण असताना. भारत सरकारने मार्च २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण काढलं आहे. सरकारी निविदेत खुल्या पर्यायाचा विचार करणं बंधनकारक, तो डावलायचा तर कारण लिहून द्यायचं, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनचे सोर्स कोड खुले करून एकमेकांना वापरू देण्याचं दुसरं धोरण आलं. दोन्ही दस्तऐवज वाचनीय आहेत, नीट विचार करून लिहिलेले आहेत. उणीव आहे ती पैशाच्या रकान्यात. खुलं सॉफ्टवेअर म्हणजे परवान्याचा खर्च वाचला, इथे आपल्या हिशेबनिसाचं गणित संपतं. ते सांभाळायला माणूस लागतो, त्याचा पगार कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे कुणी ठरवत नाही. मग निविदा निघते, ठेकेदार पाच-पन्नास खुल्या लायब्ररी जोडून प्रणाली उभी करतो, हस्तांतर होतं, बिल निघतं, आणि पुढची सात वर्षं त्यातला एकही घटक कुणी अद्ययावत करत नाही. अशा यंत्रांशी माझी गाठ पडलेली आहे. कोणत्या कार्यालयात, ते सांगून कुणाला अडचणीत टाकायचं नाही.

केरळने शाळांमध्ये हे वेगळ्या रीतीने केलं. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने पुढे शाळांचे संगणक लिनक्सवर नेले, पण त्याआधी आणि त्यासोबत शिक्षकांना शिकवलं, मल्याळममध्ये साहित्य तयार केलं, आपली आवृत्ती आपण बांधायला माणसं ठेवली. म्युनिक शहराने हजारो संगणक लिनक्सवर नेऊन २०१७ मध्ये माघारी फिरायचं ठरवलं, तेही प्रामाणिकपणे समोर ठेवलं पाहिजे. तंत्र तेच असतं; टिकतं तिथे, जिथे सांभाळणारा ठरलेला असतो.

गेल्या वर्षी-दोन वर्षांत चर्चेला स्वदेशीचं वळण लागलं आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. ही गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणारी कंपनी. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिला दिलेल्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. पैसे भरलेले, परवाना घेतलेला, तरी ब्रसेल्सच्या एका निर्णयाने भारतातल्या रिफायनरीचं ईमेल बंद पडू शकतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. केंद्र सरकारचं ईमेल झोहो या देशी कंपनीच्या मंचावर नेलं गेलं, मंत्री जाहीरपणे झोहो वापरू लागले, त्यामागची भावना मला समजते. तेनकाशीसारख्या गावातून जगभर विकलं जाणारं सॉफ्टवेअर घडवणाऱ्या कंपनीबद्दल मला आदरच आहे.

पण स्वदेशी आणि खुलं यांत गल्लत करू नये. परदेशी कंपनीचं कुलूप काढून देशी कंपनीचं लावलं, तर किल्ली आपल्याकडे आली असं होत नाही. कंपनी उद्या विकली जाऊ शकते, तिचे मालक बदलू शकतात, ती बुडूही शकते. कोड खुला असेल तर दुसरा कुणीतरी तो उचलून पुढे चालवू शकतो. ही मोकळीक कोणत्याही देशाच्या शिक्क्याने मिळत नाही. मुंबईत वाढलेलं ईआरपीनेक्स्ट हे मला यातलं चांगलं उदाहरण वाटतं: कारखान्याचा हिशेब ठेवणारी ही प्रणाली आपल्याकडे लिहिली गेली आणि तिचा कोड खुला आहे. ती आवडली नाही, तर आपला डेटा आणि अख्खा कोड घेऊन कुणीही वेगळी चूल मांडू शकतो.

मराठी माणसाला तर हे कुलूप नवीन नाही. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका परत छापायच्या होत्या. १९९०च्या दशकातल्या फायली सीडीवर होत्या, एकही ओरखडा नाही. उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांची नुसती खिचडी. त्या काळी प्रत्येक डीटीपी फॉन्टची आपली आपली सांकेतिक रचना होती. एका फॉन्टमधला 'क' दुसऱ्यात कंस किंवा प्रश्नचिन्ह होऊन बसे. फॉन्ट विकणाऱ्याचा जुना कार्यक्रम नव्या विंडोजवर चालेना, सोबत लागणारं हार्डवेअरचं कुलूप केव्हाच हरवलेलं. शेवटी कुणा अनोळखी स्वयंसेवकाने लिहिलेला, खुला ठेवलेला एक परिवर्तक सापडला आणि बहुतेक मजकूर सुटला. सगळा नाही. एका स्वातंत्र्यसैनिकाच्या आठवणींची चार पानं दुसऱ्याच एका फॉन्टमध्ये होती. ती छापील अंकावरून हाताने पुन्हा टाइप केली. महाराष्ट्रातल्या किती नियतकालिकांची, किती ग्रामपंचायतींची कागदपत्रं अशी स्वतःच्याच भाषेत कोंडून पडली आहेत, या विचाराने मला त्या दिवसांत झोप लागत नसे.

युनिकोडने ती कोंडी फोडली, आणि त्यावर मराठी नीट उमटवण्याचं काम पुष्कळसं खुल्या सॉफ्टवेअरने केलं. हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल, तर जोडाक्षरं जुळवण्याचं, 'तर्क'मधला रफार डोक्यावर नेण्याचं आणि 'वऱ्हाड'मधला आडवा र जागेवर बसवण्याचं काम बहुधा हार्फबझ नावाची लायब्ररी करते आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, सगळे तीच वापरतात. लोहित हा खुला फॉन्ट रेड हॅटने दिला, आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी त्यावर बारकाईने काम केलं. मराठीच्या नावाने एवढं बोललं जातं, पण आपल्या अक्षरांच्या या राखणदारांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

सुरक्षेच्या सरकारी बाजूबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना घडली, की सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावं लागतं. मुदत फार कडक आहे. रात्री दोनला आग लागलेली असताना आधी पाणी मारायचं की अर्ज भरायचा, हा प्रश्न माझ्यासारख्यांना पडतो. तरी कळवण्याच्या तत्त्वाला माझा विरोध नाही. विरोध पुढच्या भागाला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहितीच्या अधिकारातून वगळण्यात आलं. म्हणजे सगळ्यांनी सहा तासांत वर सांगायचं, आणि वरून खाली काय झालं हे विचारायचा हक्क नाही. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या कायद्याआधी आपला माहिती अधिकार कायदा मिळवला, त्यासाठी राळेगणसिद्धीपासून आझाद मैदानापर्यंत माणसं उपाशी बसली, तिथे या बदलाची एवढी कमी चर्चा व्हावी याचं मला वाईट वाटतं.

दोषांची माहिती सरकारच्याच मुठीत राहावी, ही वाट कुठे जाते तेही दिसलं आहे. लॉग४जेमधला दोष अलीबाबाच्या एका अभियंत्याने शोधला आणि तो आधी ज्यांचं ते सॉफ्टवेअर, त्या अपॅची संस्थेला कळवला. जगभरच्या शिरस्त्याप्रमाणे ते अगदी बरोबर होतं. चीनच्या मंत्रालयाने मात्र, आम्हाला आधी का नाही कळवलं, म्हणून अलीबाबा क्लाउडसोबतचं सहकार्य सहा महिने थांबवलं. दुरुस्ती करणाऱ्याला आधी सांगणं हा गुन्हा ठरला, की दोष दुरुस्त होण्यापेक्षा साठवले जाण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडेही दोष दाखवणाऱ्याला धास्तीच असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये सद्‌हेतूने त्रुटी शोधणाऱ्याला वेगळं संरक्षण नाही. जानेवारी २०१८ मध्ये आधारची माहिती ५०० रुपयांत मिळते, अशी बातमी ट्रिब्यूनने दिली, तेव्हा आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयच्या तक्रारीवरून नोंदलेल्या एफआयआरमध्ये बातमीदाराचंच नाव होतं. फ्रॉइंडला जगाने डोक्यावर घेतलं. त्याच्याच वयाची पुण्यातली एखादी मुलगी उद्या सरकारी संकेतस्थळावर असाच अर्धा सेकंद खटकून थांबली, तर तिने कळवावं की गप्प राहावं, याचं उत्तर मला तिला बिनधास्त देता येत नाही. एखाद्या शहाण्या वकिलाला आधी विचार, असंच सांगावं लागतं.

सरकारी कोड खुला केला तर शत्रूला आयता नकाशा मिळेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. क्षेपणास्त्राचा कोड कुणी मागत नाही. किल्ल्या, पासवर्ड, लोकांची माहिती यांतलं काहीही खुलं करायचं नसतं. प्रश्न सातबाऱ्याचा, ई-पीक पाहणीचा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा, रेशनच्या यादीतून नाव का गळलं ते ठरवणाऱ्या नियमाचा आहे. यवतमाळच्या शेतकऱ्याची नोंद कोणत्या अटीने नाकारली गेली, हे त्या कोडमध्ये लिहिलेलं असतं, आणि तो लिहायला त्याच शेतकऱ्याच्या कराचा पैसा गेलेला असतो. शासन निर्णय आपण संकेतस्थळावर वाचू शकतो. तो निर्णय प्रत्यक्ष राबवणारा कोड का वाचू नये?

महाराष्ट्र सरकारने काय करावं, याबद्दल माझी मागणी साधी आहे. निविदेतच लिहावं की हस्तांतराच्या दिवशी कोड जाहीर होईल, आणि जाहीर कोडमधून तीच प्रणाली जशीच्या तशी पुन्हा बांधून दाखवली जाईल. आतल्या प्रत्येक घटकाची यादी द्यावी. सर्ट-इनने अशा याद्यांसाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्याच आहेत, आणि सेबीनेही बाजारातल्या संस्थांना त्या वाटेवर आणलं आहे. आणि प्रत्येक सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या रकमेतला एक टक्का त्या यादीतल्या खुल्या घटकांच्या मेंटेनरांसाठी, म्हणजे ते सांभाळणाऱ्यांसाठी, बाजूला काढावा. एक टक्का हा माझा अंदाज आहे, त्यावर वाद घालावा. शून्यावर मात्र वाद नसावा, शून्य चूकच आहे. रस्त्याच्या कंत्राटात दोषदायित्वाचा काळ असतो, पुलाला देखभालीचं शीर्ष असतं. सॉफ्टवेअरला ते नसावं याचं कोणतंही कारण मला सापडलेलं नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने गळतीसाठी २५० कोटींपर्यंत दंड ठेवला आहे. गळती होऊ नये म्हणून राबणाऱ्याला त्यातला एक रुपयाही पोहोचत नाही.

असं करता येतं. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशाने यासाठी सॉव्हरिन टेक फंड काढला आणि ज्यांच्यावर सगळे उभे आहेत अशा प्रकल्पांच्या देखभालीला रक्कम दिली. लॉग४जे त्यात आहे. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलर खुल्या प्रकल्पांना द्यायचं ठरवलं. एक खासगी कंपनी जे करू शकते, ते देशाच्या आर्थिक राजधानीचं राज्य करू शकत नाही, हे मी मान्य करणार नाही. हिंजवडी आणि मगरपट्ट्यातल्या कंपन्यांनाही हेच सांगणं आहे. आपली यादी काढा. त्यातल्या सर्वांत आडबाजूच्या पाच नावांमागे कोण आहे, ते पाहा. एकटा माणूस दिसला, तर त्याला पैसे द्या, किंवा आठवड्यातला एक दिवस आपला माणूस द्या, आणि तो माणूस खरा आहे हे त्याला कळू द्या. एक्सझेडनंतर प्रत्येक एकटा मेंटेनर मदतीच्या हाताकडे संशयाने पाहतो आहे. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

कॉलिन परत आला. त्या मार्चमध्ये तो इंटरनेटपासून दूर सुट्टीवर होता, आणि परतला तो जगाच्या गदारोळात. त्याने एकेक बदल तपासला, जिया टॅनने केलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा वाचली, आणि बरोबर दोन महिन्यांनी, २९ मे २०२४ रोजी, चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती आपल्या नावाने जाहीर केली. ती त्या आठवड्यात आमच्या चाचणीच्या यंत्रावर बसवताना मी त्याच्या प्रकल्पाला काही पैसे पाठवता येतील का, ते आमच्या लेखा विभागाला विचारलं. पावती कोणत्या शीर्षाखाली दाखवायची, असा प्रश्न परत आला. ते शीर्ष तयार व्हायला आम्हाला अकरा महिने लागले.